आस्मानी होऊन गेली, सुलतानी उरलीच नाही : अशा शहराला मराठीत काय म्हणायचं?

पूर्वभाग
भाचीसाठी एक चित्रकथा लिहितोय. चित्रं तिची, शब्द माझे. घरी तेलुगू, शाळा मराठी, त्यामुळे शब्दावर अडलो की मला दोन्हीकडून ओरडा बसतो.

गोष्ट आपल्या सोलापूरची. आधी मी उजनी फोडली होती. भाचीने नकाशा काढून दाखवला : मामा, भीमा शहरातून जातच नाही, पाणी इथं येणार कुठून? म्हणून आता भूकंप केलाय. उजनीची जलवाहिनी फुटते, वीज जाते आणि दीड महिना नळाला पाणी नाही. (चार-पाच दिवसांआड पाण्याची सवय असलेल्या शहराला पहिला आठवडा काही कळतच नाही, हा विनोद भाचीचा.) मग चौक्या ओस पडतात, कचेऱ्यांना कुलपं लागतात आणि टँकर ज्याच्या ताब्यात तो राजा. तिथे आमचा सुपरहिरो येतो.

प्रश्न दोन. अशा शहराला काय म्हणावं? 'कायदाविहीन शहर' लिहिलं तर नोटिशीसारखं वाटलं. 'आस्मानी-सुलतानी' आठवलं, पण त्यात आभाळाचं संकट आणि राजाचं संकट एवढंच येतं. माझ्या गोष्टीत आस्मानी होऊन गेलीय आणि सुलतान जागेवर नाही, त्या तिसऱ्या हालतीला शब्द आहे का? दुसरा प्रश्न, सुपरहिरोला मराठीत काय?

निवृत्त मास्तर
पहिला शब्द समोरच आहे : अराजक. अगदी शब्दशः, राजा नसलेलं. वाल्मीकी रामायणात अयोध्याकांडाचा ६७वा सर्ग काढा. दशरथ गेलेला, राम वनात, भरत आजोळी. सिंहासन रिकामं. तिथे 'नाराजके जनपदे' हे पालुपद पुन्हा पुन्हा येतं : राजा नसलेल्या देशात पाऊस पडत नाही, व्यापारी सुखाने वाट चालत नाहीत, शेतकरी दार उघडं टाकून झोपू शकत नाहीत. आणि माणसं माशांसारखी एकमेकांना खातात. तोच मत्स्यन्याय पुढे कौटिल्यही सांगतो. आपण साध्या भाषेत 'बळी तो कान पिळी' म्हणतो.

एक विनंती, 'अराजकता' लिहू नका. मराठीत 'अराजक' हेच नाम आहे, अराजक माजतं. त्याला आणखी 'ता'चं शेपूट कशाला?

चाटीगल्ली
मास्तर, नमस्कार. पण अराजक म्हटलं की मला अग्रलेख दिसतो. गल्लीत कुणी म्हणतं का, 'काय बे, अराजक माजलंय'? आमच्याकडे दुकानात गिऱ्हाईक रांग मोडून घुसलं की म्हणतात, 'मोगलाई लागून गेली काय?'

तुळजापूर नाका
मोगलाईवर मला बोलू द्या, कारण आम्ही मोगलाईतलेच! माझ्या आजीला मोगलाई म्हणजे अंदाधुंदी नव्हे, नकाशावरची जागा होती. सोलापूर इंग्रजांचं, आणि पुढे तुळजापूर-नळदुर्ग निजामाचं, म्हणजे मोगलाई. तिचं माहेर सोलापूरचं, सासर मोगलाईतलं. लग्नात ते नुसतं पत्त्यासारखं सांगितलं गेलं असणार. वाकडा अर्थ अलीकडच्या बाजूच्या लोकांनी चिकटवला. शेजारच्या राज्याचं नाव शिवीसारखं वापरायचं, दुसरं काय.

तिच्या तोंडी भीतीचा शब्द वेगळाच होता : रझाकारी. सप्टेंबर १९४८ मध्ये भारताच्या फौजा सोलापूरकडूनच नळदुर्गाच्या वाटेने आत शिरल्या, त्याच्या आधीचे महिने ती 'रझाकारीत' मोजायची. पण ते राज्य असताना राज्याच्या आडून झालेलं. तुमच्या गोष्टीला लागू नाही.

अक्कलकोट रोड
मग 'अनागोंदी' का नको? घरी कन्नड असल्यामुळे हा शब्द मला मराठी वाटतच नाही. आने म्हणजे हत्ती, गुंदी म्हणजे खड्डा. आनेगुंदी गाव हंपीसमोर तुंगभद्रेच्या पलीकडच्या काठावर आहे. अनागोंदी ही त्याच गावावरून आली असं सांगतात. १५६५ नंतर विजयनगर उजाड झालं, तरी आनेगुंदीच्या राजाच्या वह्यांत गेलेल्या मुलखाचा जमाखर्च चालूच राहिला, अशी ती गोष्ट. खरी असो-नसो, तुमच्या चित्रकथेला हिच्याइतकी जवळची कुठली असेल? शहर राखेत आणि कारकून वही लिहितोय!

निवृत्त मास्तर
गोष्ट सुरेख आहे, शब्द मात्र इथे बसणार नाही. अनागोंदीला 'कारभार' लागतो. कचेरी असेल, शिक्का असेल, फाईल असेल, तरच अनागोंदी. कुलूपबंद कचेरीत अनागोंदी कशी होणार? 'पुंडाई' बघा. मधली सत्ता ढासळली की गढीगढीतून पुंड-पाळेगार उठतात. तुमचा टँकरवाला पुंडच.

पुण्यात अडकलेला
बेबंदशाही राहिली की. बंद म्हणजे बांध, आवर. बे म्हणजे बिन. (आपलं 'काय बे'तलं बे वेगळं, पुणेकरांनी नोंद घ्यावी.)

आणि एक गंमत लक्षात आली का? अराजक माजतं, बेबंदशाही माजते, अंदाधुंदी माजते. 'होते' म्हणून भागतच नाही. माजणं हे क्रियापद रानाचं, तणाचं, वळूचं. म्हणजे आपल्या भाषेला वाटतं की ही गोष्ट कुणी करत नाही, आवर सुटला की ती आपोआप वाढते. पेरावी लागत नाही.

निवृत्त मास्तर
इथेच मला थोडं थांबायचंय, कारण सोलापूरने याच्या उलट करून दाखवलंय.

५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली. ८ मे ला इथे गोळीबार झाला, माणसं पडली, शहर पेटलं. पोलीस मागे सरले आणि पुढचे काही दिवस इंग्रजांचा अंमल शहरात उरलाच नाही. १२ मे ला मार्शल लॉ पुकारला, तो ३० जूनपर्यंत राहिला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून आपण रोज जातो.

आता त्या मधल्या दिवसांना शब्द कोणता? राज नव्हतं, म्हणून व्युत्पत्तीने ते अराजकच. सरकारनेही तसंच मानलं, लष्कर उगीच आणलं नाही. पण सोलापूरच्या जुन्या माणसांपुढे त्याला अराजक म्हणून पाहा! त्यांच्या लेखी ते स्वराज्य होतं. तेव्हा अराजक आणि बेबंदशाही एकाच मापाने मोजू नका. एकात राजा नसतो, दुसऱ्यात आवर नसतो. तुमच्या गोष्टीत पहिल्यातून दुसरं कोणत्या पानावर होतं, ते आधी ठरवा.

पूर्वभाग
मास्तर, हे पान माझ्या गोष्टीत नव्हतंच. भूकंपाच्या दुसऱ्याच दिवशी मी टोळ्या सोडल्या होत्या. आता मधे आठ-दहा दिवस घालतो : शेजारी विहिरी उपसतायत, यंत्रमागाच्या शेडमध्ये चूल पेटलीय. टँकर नंतर.

दुसऱ्या प्रश्नाचं काय?

चाटीगल्ली
सुपरहिरोच ठेवा. फक्त सोलापुरात नुसतं 'हिरो' म्हणू नका. 'लई हिरो झालास बे' हे कौतुक नसतं. महानायक म्हटलं की अमिताभ येतो. अतिमानव तर तत्त्वज्ञानाच्या तासाला बसलाय असं वाटतं.

अक्कलकोट रोड
वीर? आपल्या भागात कितीतरी देवळांच्या आवारात वीरगळ उभे आहेत. गळ म्हणजे कन्नडचा कल्लु, दगड. गावाची गुरं पळवायला आलेल्यांशी लढताना मेला त्याचा दगड. पण अडचण हीच की वीराला मरावं लागतं. तुमच्या भाचीला दुसरा भाग काढायचा असेल.

तुळजापूर नाका
जागल्या! रात्री गाव राखणारा. गोष्टीला याहून मराठी शब्द नाही. हल्ली आतली भानगड उघड करणाऱ्यालाही जागल्या म्हणतात.

निवृत्त मास्तर
शब्द गोड आहे पण भोळा नाही. जागल्याचं काम जातीने मानगुटीवर बसवलेलं होतं. गावची अशी कामं वंशपरंपरेने लादणाऱ्या महार वतनाविरुद्ध बाबासाहेब १९२८ मध्ये विधिमंडळात विधेयक घेऊन उभे राहिले, ते उगीच नाही. कनिष्ठ ग्रामवतनं कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने. सुपरहिरो स्वतःहून जागतो, त्या जागल्याला जागणं भागच होतं. वापरायचा तर हे ठाऊक असताना वापरा.

तुळजापूर नाका
मास्तर, मान्य. पण मग उलटं का करू नये? ज्याच्या पणज्याला सक्तीने जागावं लागलं, तो आज स्वतःच्या मर्जीने जागतो. शब्द तोच, मालक बदलला.

निवृत्त मास्तर
असं असेल तर माझी हरकत नाही. मात्र ते चित्रात दिसू द्या, तळटीपेत नको.

पूर्वभाग
भाचीला दोन्ही वाचून दाखवलं. तिने नाव ठरवलं : भोंगा. गिरण्या बंद पडल्या, पण हा आला की बंद गिरणीचा भोंगा वाजतो आणि पूर्व भाग जागा होतो. 'जागल्या' हे लोक त्याला मागून म्हणतात, तिसऱ्या प्रकरणात.

शहरासाठी मात्र वरचा एकही शब्द शीर्षकात घेतला नाही. आत अराजक आहे, पुढे बेबंदशाही आहे. मुखपृष्ठावर 'बेवारस शहर'. वारस नाही ते बेवारस, मग तो राजा असो की पोरगा.

चाटीगल्ली
झकास. फक्त 'बेवारस' की 'बेवारशी', ते मास्तरांना विचारून घ्या. नाहीतर छापून झाल्यावर सांगतील.

निवृत्त मास्तर
दोन्ही चालतात. गाडीला पोलीस 'बेवारस' लिहितात, पोराला आणि कुत्र्याला लोक 'बेवारशी' म्हणतात. शहर यातलं कोणतं, ते भाचीला विचारा.