मदत हवी आहे: वावरात काम करणाऱ्या माणसाला रोज किती पाणी लागतं?

मंडळी, आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाण पट्ट्यात. बोअरचं पाणी मचूळ, म्हणून प्यायला फिल्टरचा जार घेतो. बाबा 61 वर्षांचे, वजन 58 किलो. सध्या सकाळी 6 ते 11 वावरात वखरणी आणि धसकटं वेचणं चालू आहे. पारा 44 च्या वर.

सोबत दोन लिटरची कॅन नेतात, पण परत येते तेव्हा अर्धी भरलेली असते. तहानच लागत नाही म्हणतात. लघवी मोहरीच्या तेलासारखी पिवळी, संध्याकाळी पायात गोळे. घरी आल्यावर एकदम तांब्याभर पाणी पितात, मग जेवण जात नाही.

क्रिएटिनिन (किडनीची रक्त तपासणी) आणि साखर मागच्या महिन्यात नॉर्मल होती. बीपीची गोळी चालू आहे, म्हणून ओआरएस रोज द्यायची भीती वाटते; त्यात मीठ असतं ना. ताक देतो, मीठ न घालता. "दर 15-20 मिनिटांनी पेलाभर" असं वाचलं, पण घड्याळ पाहून वावरात कोण पितं!

डॉक्टरांकडे सोमवारी जाणारच आहोत. तोवर सांगा, अशा पाच तासांच्या कामात किती लिटर पोटात जायलाच हवं, आणि बीपी असताना ओआरएस चालतं का?