जिवाणूत न्यूक्लिअस? जेमाटाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. मी कोल्हापुरात अकरावीला जीवशास्त्र शिकवते. "जिवाणूंना केंद्रकपटल नसतं" असं वर्गात सांगितलं, तर एक मुलगी म्हणाली, "मॅडम, जेमाटाला असतंय की!" तिनं दाखवलेल्या फोटोत डीएनएभोवती खरंच दुहेरी पटल दिसतं. उडवाउडवीचं उत्तर द्यायचं नाही, म्हणून वाचायला बसले आणि अडकले.

जेमाटा ऑब्स्क्युरिग्लोबस हा प्लँक्टोमायसीट गटातला जिवाणू, क्वीन्सलँडमधल्या एका धरणाच्या पाण्यात सापडलेला. १९९१ मध्ये फ्यूर्स्ट आणि वेब या संशोधकांनी त्याचा डीएनए पटलानं वेढलेला असल्याचं मांडलं. २०१३ मध्ये दुसऱ्या गटानं इलेक्ट्रॉन टोमोग्राफीनं अख्ख्या पेशीची त्रिमितीय रचना उभी केली, तर आतली पटलं म्हणजे पेशीपटलाच्याच आत वळलेल्या घड्या निघाल्या, बंद कप्पा कुठेच नाही. इथं वाद मिटला म्हणावं, तर २०१७ मध्ये फ्यूर्स्ट यांच्याच गटानं त्या पटलांवर केंद्रकछिद्रांसारख्या (केंद्रकाच्या पटलातली आत-बाहेर जाण्याची दारं) रचना दाखवल्या.

मला २०१३ चं काम जास्त पटतं. पण कप्पा बंदच नसेल तर छिद्रं कशासाठी? आणि मुलांना नेमकं काय सांगू? शिवाय रंकाळ्याच्या पाण्यात हे जिवाणू कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतील का, असंही पोरं विचारतायत.

प्रतिसाद १

ताई, १९९१ चे फोटो खोटे नाहीत, ते पातळ छेदांचे आहेत. घागर पोटाशी आडवी कापली तर पूर्ण गोल दिसतो, तोंड त्या कापात येतच नाही. म्हणून सलग छेद जोडून पाहावे लागतात. छिद्रांबद्दल म्हणाल, तर छिद्रासारखं दिसणं आणि छिद्राचं काम करणं यांत फरक आहे. तिथून काय आत-बाहेर जातं हे दिसल्याशिवाय मी त्यांना केंद्रकछिद्रं म्हणणार नाही.

मुलांना पटल आहे का एवढंच विचारू नका. रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारे कण, कुठे आहेत ते विचारा. आपल्या पेशीत प्रथिनं केंद्रकाबाहेर बनतात. जेमाटात २०१४ मध्ये हे तपासलं, तर काम करणारे रायबोसोम डीएनएपासून लांबही सापडले आणि जवळही. म्हणजे अर्धीमुर्धी फारकत. मला तर ही गोष्ट फोटोपेक्षा जास्त मोलाची वाटते.

रंकाळ्याचं म्हणाल तर प्लँक्टोमायसीट गोड्या पाण्यात सर्रास असतात, शेवाळावरही चिकटून राहतात. पण साध्या सूक्ष्मदर्शकात ते नुसते ठिपके दिसतील, आतलं पटल दिसणं शक्य नाही. त्यापेक्षा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून शाडू आणा, पोरांना तोंड असलेली आणि नसलेली अशी दोन भांडी करायला लावा आणि दोऱ्यानं कापून छेद ओळखायला सांगा. २०१३ चा लेख सगळ्यांना मोफत वाचता येतो, त्यातली चित्रं शेजारी ठेवा.

प्रतिसाद २

वरच्या सरांशी सहमत. फक्त "जिवाणूत बंद कप्पे नसतातच" असं मुलांच्या डोक्यात बसू देऊ नका. अॅनॅमॉक्स (ऑक्सिजनशिवाय अमोनियापासून ऊर्जा मिळवणाऱ्या) जिवाणूंत खरोखर बंद कप्पा असतो, पण तो ऊर्जेसाठी, डीएनएसाठी नाही. कॅरिबियनमधल्या ग्वाडलूपच्या खारफुटीतला थायोमार्गरिटा मॅग्निफिका हा जिवाणू (२०२२ मध्ये वर्णन झालेला) तर दोन सेंटिमीटरपर्यंत लांब असतो आणि त्याचा डीएनए पटलाच्या पिशव्यांत असतो. मात्र त्या पिशव्यांत रायबोसोमही असतात, म्हणजे केंद्रकाच्या अगदी उलट. काही मोठे फाज (जिवाणूंवर हल्ला करणारे) विषाणू जिवाणूत शिरल्यावर आपल्या डीएनएभोवती प्रथिनांचं कवच उभारतात आणि रायबोसोम बाहेर ठेवतात. काम केंद्रकाचं, पण पटल नाहीच!

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. रायबोसोमचा प्रश्न माझ्या लक्षातच आला नव्हता. सोमवारी शाडूचा प्रयोग करते. आता एकच विचारायचं आहे: फाजचं कवच दाखवणारं, मुलांना कळेल असं एखादं चित्र कुणाकडे आहे का? मराठीत नावं मी घालून घेईन.