इनामगावची भिंत: तट की बांध?

घोडकाठ: शिरूर तालुक्यातलं, घोड नदीवरचं इनामगाव. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पंधराएक वर्षं तिथे उत्खनन केलं, ताम्रपाषाण काळातली (म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरायचे त्या काळातली) शंभरावर घरं निघाली. स्पर्धा परीक्षांची मुलं मात्र एकच ओळ घोकतात: ‘गावाला तटबंदी व खंदक होता.’ मला हे पटत नाही. तिथे दगडमातीची भिंत आहे आणि सुमारे ४ मीटर रुंद, ३.५ मीटर खोल चर आहे. जव पिकवणाऱ्या माणसांनी पुराचं पाणी चरातून शेताकडे वळवायला केलेलं हे काम. आपल्या डोक्यात किल्ले इतके बसलेत की भिंत दिसली की तटच वाटतो.

तांबडंखापर: साफ असहमत. मध्य प्रदेशातलं एरण बघा. बीना नदीने गावाला तीन बाजूंनी वेढलंय आणि उघड्या चौथ्या बाजूलाच मातीचा तट आहे, बाहेर खंदक. काळ ताम्रपाषाणच. म्हणजे त्या लोकांना तट बांधता येत होता आणि त्याची गरजही होती. इनामगावात पाच खोल्यांचं मोठं घर आहे, त्याच्याजवळ धान्याचं कोठार. कोठार भरलं की राखण आलीच.

नदीकाठचा: आमचं रान नदीला लागून आहे. एका पुरात काठ खचला आणि उभा ऊस गेला, तेव्हापासून दगडाचा बांध घातलाय. त्याच बांधाने रानडुकरंही अडतात. तेव्हा तट की बांध, हा प्रश्न भिंत घालणाऱ्याला पडला नसेल. मला काळजी वेगळीच आहे. आमच्या शिवारातली जुनी पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीचं मातीचं टेकाड, आता कमरेएवढी उरलीय. माती रानाला चांगली म्हणून आजोबांनी बैलगाडीने नेली, आता ट्रॉल्या भरतात. पाऊस पडून गेला की कडेला काळ्या रेघांची तांबडी खापरं उघडी पडतात. परवा मडक्याच्या एका तोटीला बोटांचे ठसे होते, माझं बोट त्यात नेमकं बसलं.

तांबडंखापर: दादा, ती तोटी जिथे होती तिथेच ठेवा. थरातून निघाली की तिचा काळ ठरवणं अवघड होतं.

घोडकाठ: एरणचं मान्य. इनामगावचं नाही. तिथे उत्खनन करणाऱ्या पुरातत्त्वज्ञ धवलीकरांची मांडणी अशी की इ.स.पू. १००० च्या सुमारास पाऊस कमी झाला, शेती बसली, आणि चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या. त्या गावाला शत्रूपेक्षा पाणी न मिळण्याची धास्ती जास्त होती, आणि मी त्या भिंतीला बांधच म्हणणार.