अटॅकनंतर चालणं: नाडी नको, बोलणं बघा

परभणीच्या काकांना अँजिओप्लास्टीनंतर नुसतं झोपवून ठेवलंय, ते नका करू. डॉक्टरांनी मोकळीक दिली असेल तर सपाट रस्त्यावर 5-10 मिनिटं, दिवसातून दोनदा. त्रास नसेल तर हळूहळू अर्ध्या तासापर्यंत. नाडीवरून वेग ठरवू नका, मेटोप्रोलॉल या हृदयाच्या गोळीने ठोके मुळातच कमी राहतात. चालताना सलग वाक्य बोलता आलं पाहिजे, ही खरी खूण. उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळी 6 लाच निघावं. पाण्याची घागर, ज्वारीचं पोतं सध्या बिलकुल नाही; श्वास रोखून उचललं की रक्तदाब एकदम चढतो. छाती भरून आली तर आधी खाली बसा, मगच डॉक्टरांनी दिलेली सॉर्बिट्रेट जिभेखाली, उभ्याने घेतली तर चक्कर येते. 5 मिनिटांत उतरलं नाही तर लगेच 108.