मदत हवी आहे: मान, नस की स्नायू? आईच्या दुखण्याचं नेमकं निदानच होत नाहीये

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात, कोपरीला राहतो. आई ५८ वर्षांची, घरीच ब्लाउज शिवते. पावसाळ्यापासून तिची मान आणि उजवा खांदा दुखतोय, हातात मुंग्या येतात. हाडांचे डॉक्टर म्हणाले स्पॉन्डिलोसिस, म्हणजे वयानुसार मणक्यांची झीज. दुसऱ्यांनी सांगितलं रॅडिक्युलोपथी, मानेत नस दबलीय. फिजिओथेरपिस्ट ताईंच्या मते ट्रॅपिझियस, म्हणजे मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू आखडलाय.

एमआरआयमध्ये सी५-सी६ला, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली डिस्क (चकती) थोडी बाहेर आलेली दिसते. माझी शंका इथेच आहे. तिथे सहसा दबते ती सी६ नस, आणि ती अंगठा-तर्जनीकडे जाते. आईच्या मुंग्या मात्र करंगळी आणि अनामिकेत! त्या बोटांचा संबंध मानेतल्या सी८ नसेशी किंवा कोपरामागून जाणाऱ्या अल्नर नसेशी असतो, आणि आई मशीनवर तासन्‌तास कोपर टेकून बसते. शिवाय काहीही दुखत नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही अशी डिस्क दिसते. मग रिपोर्टवर किती भिस्त ठेवायची?

चालताना तोल जात नाही, लघवीचा त्रास नाही. तसं काही दिसलं तर लगेच धावायचं, हे ठाऊक आहे. पण हल्ली सुईत दोरा ओवताना तिची बोटं साथ देत नाहीत, त्याची फार काळजी वाटते.

नस मानेत दबलीय की कोपरात, हे नर्व्ह कंडक्शन टेस्टमधून (नसेतून संदेश नीट जातो का, ते बघणारी तपासणी) कुणाला कळलंय का? ठाणे, ऐरोली किंवा वाशीत वेळ देऊन हात तपासणारे न्यूरॉलॉजिस्ट माहीत असतील तर कृपया सांगा.