चंद्रशिला, मे महिना आणि आपापली तयारी : फजिती इथे लिहा

माळ्यावरची
काल माळा आवरताना बाबांचे ट्रेकिंगचे बूट सापडले. ओढून काढायला गेले तर सोल हातात आला आणि बूट पिशवीतच राहिला. तिथेच स्टुलावर बसून हसले, मग जरा डोळ्यांत पाणी आलं.

२०१२ चा मे. उत्तराखंडातला चोपता-तुंगनाथ-चंद्रशिला ट्रेक : चोपत्याहून चढत तुंगनाथचं मंदिर, आणि त्याच्या वर चंद्रशिला शिखर. बाबा ५८ वर्षांचे. तीन महिने आधीपासून पाठीवर सॅक, सॅकेत पाच लिटरचा पाण्याचा कॅन, आणि बिल्डिंगचे चार मजले वर-खाली. शेजारच्या काकूंनी दोनदा विचारलं, लिफ्ट बंद आहे का हो? कालनिर्णयच्या मागच्या पानावर सामानाची यादी: टॉर्च, शिट्टी, कानटोपी, सेफ्टी पिना. प्रत्येक गोष्ट वापरून बघितली. बूट सोडून. बूट चांगले म्हणून सहा वर्षं कपाटात जपलेले!

तुंगनाथच्या वर, शेवटच्या चढावर डाव्या बुटाने मगरीसारखा जबडा वासला. आईने बॅगेत जादा नाडी टाकली होती (का, ते तिलाच माहीत). ती पायजम्याची नाडी बुटाला गुंडाळून बाबा चंद्रशिलेवर पोचले. समोर लख्ख चौखंबा शिखर, आणि आमच्या फोटोत नाडीच आधी दिसते.

नंतर कळलं की तळातला पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या दमटपणाने आपोआप भुगा होतो. वापरा की ठेवा.

यंदा लेकीला घेऊन परत जायचं चाललंय. तुम्ही काय तयारी केली होती आणि काय फसलं, लिहा ना.

गुडघेदुखे
नाडी!! हसून हसून पुरेवाट.
माझा अनुभव उलट आहे. चढायची एवढी तयारी केली की उतरायचं असतं हेच विसरलो. रोज पर्वती, १०३ पायऱ्या, चार फेऱ्या, वर जाताना घड्याळ लावायचो आणि खाली येताना गप्पा मारत. चढताना दम लागतो, तो थांबलं की जातो. उतरताना गुडघा बोलतो आणि घरी आल्यावर पण बोलतच राहतो. काठी घ्या, दोन घ्या. आणि निघायच्या चार दिवस आधी पायाची नखं कापा. माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडून गळाली, दिवाळीपर्यंत चप्पल.

रात्रपाळी
आम्ही रंगीत तालीम म्हणून कळसूबाई केलं, मेमध्येच. बारीतून रात्री दोनला निघालो, उजाडायच्या आत वर. आमच्यातला एक महाभाग म्हणाला मी आरामात येतो, आणि सकाळी दहाला निघाला. लोखंडी शिड्यांचे कठडे रुमाल धरून चढला बिचारा. आम्ही खाली झाडाखाली झोपा काढतोय आणि हा वरून फोन करून शिव्या देतोय.
पण एक सांगतो, कळसूबाईने पाय कळतात, उंची नाही कळत. ते १६४६ मीटर, चंद्रशिला ४००० च्या आसपास. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण ६० टक्केच उरतो. सिंहगड दर रविवारी पळत चढणारा आमचा मित्र तिथे दर वीस पावलांना थांबत होता आणि फोटो काढतोय असं दाखवत होता.

चहा_दोनदा
वाचतेय. आम्ही पण जाणार आहोत जूनच्या पहिल्या आठवड्यात. नणंद म्हणते कापराची पुरचुंडी गळ्यात बांधा, ऑक्सिजन कमी पडत नाही. खरंय का?

पुदिना
आमच्या अख्ख्या बसमध्ये कापूर होता. देवळात बसल्यासारखं वाटत होतं.

डॉक्टर_पण_सुट्टीवर
कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. नणंदेला दुखवू नका, बांधा. पण भरवसा त्यावर ठेवू नका. हरिद्वारहून दिवसभर गाडीत बसून आल्यावर दुसऱ्याच पहाटे शिखर नको. चोपत्याला किंवा उखीमठला एक रात्र जादा काढा. डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण जात नाही, असं झालं तर आणखी वर जायचं नाही. वाढलं तर खाली उतरायचं, रात्र असली तरी. "आता एवढं आलोच आहोत तर" हे वाक्य तिथे बोलू नये.
डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) शेजाऱ्याने घेतली म्हणून घेऊ नका. सल्फाची अॅलर्जी असेल तर आधी सांगा. आणि त्या गोळीने लघवीला सारखं जावं लागतं, बायकांनी हे धरून ठरवा. कोणी सांगत नाही म्हणून लिहिलं.

चहा_दोनदा
डॉक्टर, थँक यू! शेवटची ओळ फार उपयोगाची.

जुना_भटक्या
आम्ही एप्रिलच्या मध्यावर गेलो. हौसेने पूजेचं सगळं घेऊन. तुंगनाथचं मंदिर बंद! हिवाळ्यात देव खाली मक्कूमठ गावात असतात, वर येतात एप्रिलअखेर नाहीतर मेमध्ये. सौ. म्हणाल्या, तीन महिने तयारी केलीत, एक तारीख नाही बघितलीत. पण बुरांस (तिकडचा ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला बघितला, लालेलाल. मेअखेर जाणाऱ्यांना तो नाही मिळत, घ्या.
अवांतर: डाळ-तांदूळ नेला होता, डाळ शिजता शिजेना. तिथे पाणी ८७-८८ अंशालाच उकळायला लागतं, कुकरशिवाय नाद नाही. तीन दिवस मेतकूट-भातावर निघाले.

पुदिना
मेतकूट घरचं का? प्रमाण द्या ना प्लीज, माझं कडवट होतं.

जुना_भटक्या
सौ.ना विचारून सांगतो. मेथी कमी करा म्हणतायत तूर्त.

ढगातली
आम्ही उठलोच उशिरा. अकराला वर. नंदादेवी, त्रिशूळ सगळं ढगात. बाराच्या सुमाराला गारा. रेनकोट कुठे? गाडीत, कारण "उन्हाळा आहे". सुती टीशर्ट एकदा भिजला तो चोपत्यापर्यंत अंगावर वाळला नाही, मुलाचे दात वाजत होते. पहाटे चारला निघा हो, नऊपर्यंत उतरायला लागा.
आणि सनस्क्रीन नाकाच्या खालून पण लावा. वरच्या टप्प्यात जुना बर्फ असतो, ऊन खालून येतं. माझ्या नाकपुड्या सोलल्या होत्या. ऑफिसात आठवडाभर सर्दी झालीय म्हणून सांगितलं.

रात्रपाळी
नाकपुड्या :D
हो, मोबाइल रात्री पांघरुणात घेऊन झोपा. माझा ४० टक्के होता, थंडीने सूर्योदयालाच मान टाकली. घरी खिशात गरम झाल्यावर परत जिवंत.

माळ्यावरची
काय भारी लिहिताय सगळे. यादीत चढवलं: नखं, दोन काठ्या, नाकपुड्या.
बाबा आता सत्तरी पार आहेत. नुसतं ऐकवलं होतं की जातोय. आज बाजारात जाऊन नवे बूट घेऊन आलेत. तुंगनाथपर्यंत येतो, पुढचं तिथे बघू म्हणतायत. डॉक्टरांना दाखवून मगच, असं ठरलंय. सध्या बूट घालून सोफ्यावर बसून बातम्या बघणं चालू आहे, बूट सैल व्हायला हवेत म्हणून. आईने लादी नुकतीच पुसली होती. मी जरा आत जाऊन येते.

गुडघेदुखे
नाडी घेतली का?

माळ्यावरची
आईने दोन टाकल्यात.

जुना_भटक्या
@पुदिना, तुमची विपू (विचारपूस) बघा, मेतकुटाचं प्रमाण टाकलंय. त्यात उडीद डाळ लिहायची राहिली, तीही घ्या.