जमिनीखालचं खनिज: आधी सर्व्हे की आधी बोअर?

भूचुंबक:
जिथे खडक उघडे आहेत तिथे माणसं शेकडो वर्षं हातोडी घेऊन फिरलीत, सोपं होतं ते बरंचसं सापडून झालंय. आता शोधायचं ते गाळाखाली, वाळूखाली, मुरमाखाली. तिथे नुसतं फिरून हाताला काय लागणार? म्हणून माझं मत सरळ आहे, वर आच्छादन असेल तर गुरुत्व आणि चुंबकीय सर्व्हे (जागोजागी गुरुत्वाकर्षण आणि चुंबकत्व किती बदलतं ते मोजणं) झाल्याशिवाय एकही बोअर मारू नये. साउथ ऑस्ट्रेलियातली ऑलिंपिक डॅम ही खाण बघा, साल 1975. खनिज सुमारे 350 मीटर खाली, वर गाळखडकांचे आडवे थर, त्यावर वाळू, खूण म्हणून कसलीच नाही. पण गुरुत्वाच्या आणि चुंबकीय अशा दोन्ही नकाशांवर जवळपास एकाच जागी फुगवटा, म्हणजे आजूबाजूपेक्षा जास्त माप, होतं, म्हणून ड्रिल तिथे गेलं आणि तांबं-युरेनियमचा जगातला एक प्रचंड साठा मिळाला. पोर्तुगालच्या नेवेस-कोर्वो खाणीचं (1977) तेच, तिथेही वाट दाखवली ती गुरुत्वाच्या नकाशाने.

कोअरबॉक्स:
असहमत, आणि जरा लांबलचक लिहितो कारण हे उदाहरण नेहमी अर्धंच सांगितलं जातं. ऑलिंपिक डॅमची जागा निवडणाऱ्यांच्या डोक्यात वेगळंच होतं, खाली जुना बेसॉल्ट आहे, त्यातून तांबं सुटून वरच्या गाळखडकात साठलं असेल असं. निघालं काय तर लोहखनिजाने भरलेला फुटका ग्रॅनाइट. पहिल्या बोअरला तांबं लागलं, पण पुढच्या बहुतेक बोअरनी निराशाच केली, दहाव्यात जेव्हा 170 मीटर लांबीभर 2.1 टक्के तांबं आलं तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. नवव्यानंतर गाशा गुंडाळला असता तर आज तो फुगवटा "बघून झालं, काही नाही" म्हणून फाइलमध्ये पडला असता. साठा नकाशाने नाही, चिकाटीने मारलेल्या बोअरनी शोधलाय.

आणि आकडेच बघायचे तर बघू. 100 मीटर त्रिज्येचा धातुकाचा (धातू असलेल्या खनिजाचा) गोळा धरा, आजूबाजूच्या खडकापेक्षा घन सेंटीमीटरमागे 1 ग्रॅमने जड, मध्य 300 मीटर खोल. हा चांगला घसघशीत साठा झाला. वर जमिनीवर त्याने गुरुत्वात पडणारा फरक? साधारण 0.3 मिलीगल (गुरुत्व मोजायचं बारीक एकक). आता वरचा गाळ खालच्या खडकापेक्षा अर्ध्या ग्रॅमने हलका धरा आणि एखाद्या ऐसपैस पट्ट्यात त्याची जाडी 15 मीटरने कमी करा, फरक तोच, 0.3 मिलीगल! म्हणजे तुम्ही ज्याला साठा म्हणून लाल रंग देताय तो खाली लपलेला खडकाचा साधा उंचवटाही असू शकतो, आणि नकाशा दोन्ही वेळा सारखाच लाल.

भूचुंबक:
गणित मान्य, निष्कर्ष नाही. ती 15 मीटरची शंका फेडायचे उपाय आहेत ना. त्याच रेषेवर भूकंपलहरींचा छोटा सर्व्हे करून आच्छादनाची जाडी काढता येते, ती वजा करा, उरेल त्यावर बोला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, एकाच पद्धतीवर विसंबलं की असंच होणार. मी रेषांवर गुरुत्वमापक घेऊन चाललोय. प्रत्येक ठिकाणी यंत्र समपातळीत आणायचं, वाऱ्याने हललं की परत वाट बघायची, आणि जागेची उंची वेगळी मोजायची, कारण उंचीत एक मीटरची चूक झाली तरी साधारण 0.2 मिलीगल इकडचे तिकडे होतात. चुंबकीय रेषेवर तर पट्ट्याचं बक्कल, किल्ल्या, मोबाइल सगळं काढून ठेवायचं. एवढी काळजी घेऊन आलेल्या डेटाला तुम्ही नुसता लाल नकाशा ठरवता, ते मला खरंच लागतं.

आणि कॅनडातल्या किड क्रीक खाणीचं काय? 1959 पासून विमानातून विद्युतचुंबकीय सर्व्हे (जमिनीखाली वीज कुठे चांगली वाहते ते शोधणारा), सुमारे 39000 चौरस किलोमीटर, वर दलदल आणि चिकणमाती. 1963 च्या नोव्हेंबरात त्यातल्या एका खुणेवर पहिला बोअर मारला आणि त्यातच तांबं आणि भरपूर जस्त. एवढ्या प्रदेशात आंधळेपणाने बोअर मारत बसलात तर जन्म पुरायचा नाही.

कोअरबॉक्स:
पण त्या सर्व्हेत अशा खुणा कितीतरी आल्या होत्या हो! किड क्रीक त्यातली एक. जमिनीखालून वीज वाहून नेणारं सगळंच सल्फाइड (धातू आणि गंधकाचं खनिज) नसतं, ग्राफाइटवाला शेल (चिखलाचा झालेला खडक) तशीच वीज वाहतो, खारं पाणी मुरलेली चिकणमाती तर वरच्या वरच सिग्नल खाऊन टाकते. झकास दिसणाऱ्या खुणेवर मारलेल्या बोअरची कोअर (बोअरमधून निघणारा खडकाचा दांडा) मी पेटीत लावलीय, तुकडा उचलला की बोटं काळी, अंगठा फिरवला की पेन्सिलीसारखी चकाकी. सल्फाइडचा एक कण नाही. महिनाभराचं काम त्या काळ्या बोटांवर संपलं.

खोलीचंही तेच, रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचा 12262 मीटरचा बोअर आठवा. भूकंपलहरींच्या वेगावरून 7 किलोमीटरच्या आसपास ग्रॅनाइट संपून बेसॉल्ट लागणार असं धरलं होतं, बेसॉल्ट लागलाच नाही, तडकलेला आणि पाणी असलेला खडक निघाला. वेग बदलला होता हे खरं, पण कशामुळे ते ड्रिल खाली गेल्यावर कळलं.

शिकाऊ_भूवैज्ञानिक:
एक विचारू का? जितकं खोल तितका सिग्नल बारीक होतो म्हणतात, मग जाड आच्छादनाखाली सर्व्हे करून उपयोग काय?

घनता_मोजा:
@शिकाऊ, होतो बारीक, पण सगळ्यांचा सारखा नाही. गोळ्यासारखा आकार धरला तर खोली दुप्पट झाली की गुरुत्वाचा परिणाम एक चतुर्थांश राहतो आणि चुंबकीय एक अष्टमांश. शिवाय आपण शोधतोय ते खनिज नुसतं जड आहे की चुंबकीयही आहे हेही बघावं लागतं. दोन लोहखनिजं घ्या, हेमटाइट जड असतं पण चुंबकीय फारच कमी, मॅग्नेटाइट दोन्ही.

आता वरच्या दोघांना. तुमच्या भांडणात मधलीच पायरी राहतेय. बोअर मारतात, कोअर निघते, तांबं किती टक्के ते तपासतात आणि पेट्या गोदामात जातात. त्याच तुकड्याचं हवेत वजन करा, पाण्यात बुडवून वजन करा, घनता हातात येते, पाच मिनिटांचं काम. चुंबकीय गुण मोजायला हातात मावणारं यंत्र मिळतं. हे आकडे नसताना मॉडेलमध्ये (मापांवरून खाली काय असेल त्याच्या हिशोबात) घनता अंदाजाने घालायची आणि मग उत्तर चुकलं की सर्व्हेला शिव्या, हा अन्याय आहे. रिकाम्या निघालेल्या बोअरची कोअर तर यासाठी सोन्यासारखी, कारण आच्छादन किती जाड आणि किती हलकं ते तीच सांगते.

भूचुंबक:
हे पटलं. "एकही बोअर नको" हे माझं टोकाचं झालं, मागे घेतो. सर्व्हेच्या सुरुवातीलाच दोन-तीन बोअर फक्त आच्छादन आणि खालचा खडक समजून घ्यायला मारावेत, साठा लागो न लागो. पण फुगवटा नाही तिथे साठ्यासाठी ड्रिल नेणं मला अजूनही उधळपट्टीच वाटते.

कोअरबॉक्स:
दोन-तीन बोअरवर आपलं जमलं. शेवटच्या वाक्यावर नाही. जस्ताचं मुख्य खनिज स्फॅलेराइट, ते वीज नीट वाहत नाही, सोबत दुसरी सल्फाइडं कमी असली तर विद्युतचुंबकीय नकाशावर तिथे काहीच उमटत नाही. शांत पट्टा दिसला की तुम्ही पुढे जाणार, आणि ज्या दिवशी भूवैज्ञानिक म्हणेल की खडकांची रचना बघता जस्त असलंच तर इथेच असणार, त्या दिवशी मी त्या कोऱ्या पट्ट्यात ड्रिल लावायला सांगणार.